ट्रॅक्टरचा क्लच : आधी मोजा, मग जुळवा, खोलणे सर्वांत शेवटी

गळीत हंगाम जवळ आला, की ट्रॅक्टरमालकांचे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. ‘दोन हंगामही झाले नाहीत आणि नवी क्लच प्लेट पुन्हा सरकायला लागली, दोष कंपनीचा की मिस्त्रीचा?’ ‘पेडल पूर्ण दाबूनही गिअर खर्रकन वाजतो, गिअरबॉक्स खोलायचा का?’ ‘गिअरबॉक्सचे तेल दुधासारखे झाले आहे, वरून नवे ओतले तर चालेल का?’ ‘शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचे पेडल जास्त खोल जाते, माझेही तसेच करून घेऊ का?’ या प्रश्नांमागची काळजी रास्त आहे. क्लच प्लेट बदलायची म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून वेगळे करावे लागतात. त्यात पैसा जातोच, शिवाय ऐन कामाच्या दिवसांत ट्रॅक्टर गॅरेजमध्ये उभा राहतो.

म्हणून पहिलाच सल्ला : तक्रार क्लचची दिसली तरी लगेच ट्रॅक्टर खोलायला देऊ नका. पुष्कळदा दोष पेडलच्या चालीत, बाहेरच्या जोडदांड्यात, तेलात किंवा चालवणाऱ्याच्या सवयीत असतो. हे सगळे खोलण्याआधी तपासता येते आणि त्यातले बरेचसे तुम्ही स्वतः करू शकता.

इथले मार्गदर्शन आपल्याकडे सर्रास चालणाऱ्या, दांड्याने चालणाऱ्या कोरड्या क्लचच्या ट्रॅक्टरसाठी आहे. तुमच्या ट्रॅक्टरचा क्लच हायड्रॉलिक दाबावर किंवा तेलात चालणारा असेल, तर पुढचे जुळवणीचे टप्पे त्याला लागू होत नाहीत. ते काम कंपनीच्या प्रशिक्षित मेकॅनिककडूनच करून घ्या.

तुमचा क्लच कोणत्या प्रकारचा आहे?

चालवणे, तपासणे आणि सुटे भाग घेणे, हे तिन्ही यावर अवलंबून आहे.

- सिंगल क्लच : एकच प्लेट. पेडल दाबले की चाकेही थांबतात आणि पीटीओही थांबतो.
- ड्युअल क्लच : दोन प्लेट, एक चाकांसाठी आणि एक पीटीओसाठी. पेडल निम्म्यापर्यंत दाबले की ट्रॅक्टर थांबतो, पण पीटीओ फिरत राहतो. पूर्ण दाबले की पीटीओही थांबतो.
- स्वतंत्र पीटीओ क्लच : पेडलचा संबंध फक्त चालीशी. पीटीओ जोडायला-सोडायला हाताचा वेगळा लिव्हर असतो.

निर्णय घेण्यापुरते एवढेच लक्षात ठेवा : पेडल दाबले की एक फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, ते बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरवर दाब देते आणि क्लच प्लेट मोकळी होते. पेडल सोडलेले असताना बेअरिंग आणि फिंगर यांच्यात थोडे अंतर राहिलेच पाहिजे. हे अंतर पेडलवर ‘मोकळी चाल’ म्हणून जाणवते; गॅरेजमध्ये याला ‘प्ले’ म्हणतात. प्लेटचे लायनिंग झिजत जाते तसे फिंगर बेअरिंगच्या जवळ सरकतात आणि ही चाल कमी होत जाते. म्हणजे एकदा जुळवलेला क्लच कायमचा जुळलेला राहत नाही.

मोकळी चाल कशी मोजाल?

लागते फक्त एक मोजपट्टी.

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा, हँडब्रेक लावा आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा.
२. पेडल पूर्ण वर येते का, पेडल मागे खेचणारी स्प्रिंग शाबूत आहे का, ते पाहा. पेडलखाली माती, दगड किंवा जाडजूड मॅट अडकलेली नसावी.
३. मोजपट्टी पेडलशेजारी उभी धरा आणि पेडलच्या वरच्या कडेची जागा नोंदवा.
४. आता पेडल पायाने नव्हे, हाताने हळूहळू दाबा. सुरुवातीला ते सहज जाईल, मग एका ठिकाणी स्पष्ट जड लागेल. ती दुसरी जागा.
५. दोन्ही जागांमधले अंतर म्हणजे मोकळी चाल.

बहुतेक ट्रॅक्टरमध्ये ही चाल २० ते ४० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवायची असते. मात्र तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच अंतिम समजा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही हा आकडा वेगळा असू शकतो. म्हणून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचे माप तुमच्या कामाचे नाही. पुस्तिका हरवली असेल तर विक्रेत्याकडून किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून दुसरी मिळवा.

एक फसगत टाळा. पेडलच्या शाफ्टचा बुश झिजला असेल किंवा जोडदांड्याच्या पिनांची भोके मोठी झाली असतील, तर पेडल नुसतेच डुलते. ही ढिलाई मोकळ्या चालीत धरू नका. आधी बुश आणि पिना बदला, मग माप घ्या.

चाल कशी जुळवाल?

पेडलपासून क्लच हाउसिंगच्या बाजूला असलेल्या फोर्कच्या आर्मपर्यंत एक दांडा जातो. त्याच्या टोकाला आटे आणि चेक नट असतो. जुळवणी तिथेच होते.

१. दांड्याच्या टोकाची स्प्लिट पिन काढा आणि जोडपिन बाहेर घ्या. काही मॉडेलमध्ये दांडा न सोडवता मधला नट फिरवूनच लांबी बदलता येते.
२. चेक नट ढिला करा.
३. टोक एक-दोन आटे फिरवा, पिन बसवा आणि पुन्हा मोजा. दांडा लांब केल्यावर चाल वाढते की घटते, हे रचनेवर अवलंबून असते. त्यामुळे अंदाजाने दहा आटे फिरवू नका.
४. माप जुळले की चेक नट घट्ट आवळा आणि स्प्लिट पिन नवी घाला. जुनी वाकवलेली पिन पुन्हा वापरली तर ती शेतात तुटून क्लच अचानक निकामी होऊ शकतो.
५. पेडल आठ-दहा वेळा पूर्ण दाबून सोडा आणि शेवटचे माप घ्या.

माप चुकले तर नुकसान दोन्ही बाजूंनी आहे :

- चाल फार कमी : बेअरिंग सतत फिंगरवर घासते, प्लेट पूर्ण दाबाने बसत नाही, क्लच सरकतो, तापतो आणि जळतो.
- चाल फार जास्त : पेडल तळाला गेले तरी प्लेट पूर्ण सुटत नाही, गिअर वाजत पडतात आणि त्यांचे दात खराब होतात. जास्त चाल ठेवली की प्लेट जास्त टिकते, हा समज चुकीचा आहे.

दांड्याचे आटे संपत आले आणि तरीही चाल मिळत नसेल, तर ती प्लेट झिजल्याची खूण आहे. अशा वेळी दांड्याला वेल्डिंग करून लांबी वाढवणारे भेटतील. तसे करू नका. ड्युअल क्लचमध्ये पीटीओच्या फिंगरचे अंतर वेगळे असते. ते हाउसिंगच्या खिडकीतून फिलर गेजने मोजून जुळवावे लागते आणि सर्व फिंगर एकसारखे ठेवावे लागतात. हे काम माहितगार मेकॅनिककडेच द्या.

जुळवणीनंतर दोन चाचण्या

दोन्ही चाचण्या मोकळ्या जागी करा. ट्रॅक्टरच्या पुढे-मागे कोणी उभे राहू देऊ नका.

क्लच सुटतो का? इंजिन मंद गतीवर ठेवा, पीटीओ बंद ठेवा. पेडल पूर्ण दाबा, पाचेक सेकंद थांबा आणि रिव्हर्स गिअर अलगद टाका. गिअर न वाजता पडला तर क्लच सुटतो आहे. खरखर आली तर तो अजून ओढतो आहे.

क्लच धरतो का? दोन्ही ब्रेक पेडल एकत्र लॉक करा, हँडब्रेक लावा, चाकांना ठोकळे द्या. वरचा गिअर टाका, इंजिनची गती थोडी वाढवा, ब्रेक घट्ट दाबून ठेवा आणि क्लच हळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन दबते आणि बंद पडते. इंजिन आरामात फिरत राहिले तर क्लच सरकतो आहे. लगेच पेडल दाबा. ही चाचणी पुन्हा पुन्हा करू नका, कारण प्रत्येक वेळी प्लेट तापते.

लक्षणावरून दोष ओळखा

- इंजिनचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही, जळका वास येतो : क्लच सरकतो आहे. आधी मोकळी चाल पाहा. ती बरोबर असेल तर प्लेट झिजलेली, तेलाने माखलेली किंवा प्रेशर प्लेटच्या स्प्रिंग दमलेल्या असू शकतात.
- पेडल दाबूनही ट्रॅक्टर पुढे रेटतो, गिअर वाजतात : चाल जास्त आहे, दांडा वाकला आहे, प्लेट वाकडी झाली आहे किंवा गंजून शाफ्टवर नीट सरकत नाही.
- निघताना ट्रॅक्टर थरथरतो, धक्के देतो : लायनिंगवर तेल, फ्लायव्हीलवर जळके डाग, फिंगर खालीवर किंवा इंजिनच्या जोडाचे बोल्ट ढिले.
- पेडल दाबले की घरघर, सोडले की शांत : रिलीज बेअरिंग किंवा फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग.
- न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर आवाज, दाबले की बंद : गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग.
- चालता चालता गिअर निसटतो : गिअर धरून ठेवणारी स्प्रिंग-गोळी कमजोर, शिफ्टर फोर्क झिजलेला किंवा गिअरचे दात गोल झालेले. लिव्हर हाताने दाबून धरून काम ओढत राहू नका. नुकसान वाढत जाते.
- क्लच हाउसिंगच्या तळाच्या भोकातून तेल ठिबकते : काळे, पातळ इंजिन ऑइल असेल तर क्रँकचे मागचे सील गेले आहे. गिअरबॉक्सचे तेल असेल तर पुढच्या शाफ्टचे सील गेले आहे. तेल प्लेटवर पोहोचण्याआधी हे काम केले तर प्लेट वाचते.

माखलेली प्लेट पेट्रोल किंवा डिझेल ओतून धुण्याचा प्रयत्न करू नका. लायनिंगमध्ये मुरलेले तेल त्याने निघत नाही आणि तापलेल्या हाउसिंगमध्ये आगीचा धोका असतो.

प्लेटचे आयुष्य चालवणाऱ्याच्या पायात आहे

क्लच प्लेट काम करताना कमी आणि अर्धवट दाबलेल्या अवस्थेत जास्त झिजते. प्लेट आणि फ्लायव्हील यांचा वेग वेगळा असतो तेवढा वेळ घर्षण होते, उष्णता तयार होते आणि लायनिंग जळते. ट्रॅक्टरवर पगारी चालक असेल तर ही यादी त्याच्यासोबत बसून वाचा.

१. चालताना पाय पेडलवर ठेवू नका. नुसत्या पायाच्या वजनानेही मोकळी चाल संपते आणि बेअरिंग घासू लागते.
२. भरलेली ट्रॉली खालच्या गिअरमध्ये उचला. इंजिनची गती कमी ठेवा, क्लच एका लयीत पूर्ण सोडा आणि मग ॲक्सिलरेटर वाढवा. उसाच्या दोन ट्रॉल्या वरच्या रेंजमध्ये, इंजिन वाढवून, हाफ क्लचवर ओढल्या तर नवी प्लेटही एका हंगामात संपते.
३. चढावर ट्रॅक्टर क्लचवर तोलून धरू नका. थांबायचे असेल तर ब्रेक लावा आणि गिअर न्यूट्रल करा.
४. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून कधीही उतरू नका. इंजिनची रोख सुटते आणि मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. खालचा गिअर टाकून क्लच दाबलेला असेल, तर चाके क्लच प्लेटला इंजिनपेक्षा कितीतरी वेगाने फिरवतात आणि लायनिंग उडू शकते. ज्या गिअरमध्ये चढ चढाल, त्याच किंवा त्याच्या खालच्या गिअरमध्ये उतरा.
५. चिखलात रुतल्यावर क्लचचे झटके देऊ नका. ते झटके प्लेटपासून डिफरन्शियलच्या दातांपर्यंत सगळ्यांना बसतात. अवजार सोडा, डिफरन्शियल लॉक सरळ रेषेतच वापरा आणि वळण्याआधी तो सोडा.
६. रोटाव्हेटर उचलून, इंजिन मंद ठेवून पीटीओ जोडा, मग गती वाढवा. जमिनीत रुतलेल्या रोटाव्हेटरवर पीटीओ जोडला तर पूर्ण भार एकदम पीटीओच्या प्लेटवर येतो.
७. मळणीयंत्र चालवताना पेडल दाबून उभे राहू नका. गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा आणि पाय काढा.

चिखलणी, पावसाळा आणि उभा ट्रॅक्टर

कोकण, मावळ, इगतपुरी, भंडारा-गोंदिया या भातपट्ट्यांत क्लचचा मोठा शत्रू पाणी आहे. क्लच हाउसिंगच्या तळाला एक भोक असते. सील गळाले तर तेल बाहेर पडावे यासाठी ते असते. चिखलणीच्या वेळी त्यातूनच पाणी आणि गाळ आत शिरतो. म्हणून अनेक ट्रॅक्टरला तिथे बसवायचा प्लग दिलेला असतो.

- चिखलणीला उतरण्याआधी प्लग बसवा. बाजूच्या खिडकीचे झाकण आणि रबरी बूट जागेवर आहेत का, ते पाहा.
- चिखलणीच्या दिवसांत प्लग अधूनमधून काढून आत साठलेले पाणी किंवा तेल सोडून द्या.
- हंगाम संपला की प्लग काढून ठेवा. तो विसरून तसाच राहिला तर गळणारे तेल आत साचते आणि प्लेट माखते.
- चिखलाच्या कामानंतर पेडल आणि दांड्याच्या निप्पलमध्ये जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरा.

ट्रॅक्टर महिनाभर किंवा जास्त उभा राहणार असेल, तर दमट हवेत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. अनेक ट्रॅक्टरला पेडल दाबलेल्या स्थितीत अडकवायची कडी असते. ती नसेल तर लाकडी ठोकळ्याने पेडल दाबून ठेवा. चिकटलेली प्लेट सोडवण्यासाठी दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून झटके देऊ नका, मेकॅनिकला बोलवा.

गिअर टाकण्याची शिस्त

आपल्याकडच्या अनेक ट्रॅक्टरमध्ये आठ पुढचे आणि दोन रिव्हर्स गिअर, तसेच हाय-लो रेंजचा वेगळा लिव्हर असतो. स्लायडिंग मेश गिअरबॉक्समध्ये प्रत्यक्ष गिअरच सरकून एकमेकांत अडकतात, त्यामुळे चालत्या ट्रॅक्टरमध्ये गिअर बदलला की दातांच्या कडा तुटतात. कॉन्स्टंट मेश आणि सिंक्रोमेश गिअरबॉक्समध्ये हे काम सौम्य होते. पण त्यातही सगळे गिअर सिंक्रोमेश असतीलच असे नाही.

- रेंज बदलताना आणि पुढून मागे जाताना ट्रॅक्टर पूर्ण थांबवा. याला अपवाद फक्त पुस्तिकेत तशी स्पष्ट मुभा असेल तरच.
- गिअर पडत नसेल तर लिव्हर रेटू नका. क्लच सोडा, पुन्हा दाबा आणि परत प्रयत्न करा.
- कामाचा गिअर निघण्याआधीच निवडा. नांगरटीत मध्येच ताण आला तर हाफ क्लच न वापरता थांबा आणि खालचा गिअर घ्या.

गिअरबॉक्सचे तेल : कोणते, किती, कधी?

बहुतेक ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते. तेलातले ब्रेक असतील तर तेही याच तेलात भिजतात. म्हणून चुकीच्या तेलाची किंमत चारही ठिकाणी मोजावी लागते.

कोणते?

- तेलातल्या ब्रेकच्या ट्रॅक्टरला खास वेट ब्रेकसाठी बनवलेले, कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच तेल लागते. त्यात साधे ९० नंबरचे गिअर ऑइल टाकले तर ब्रेक किंचाळतात, नीट धरत नाहीत आणि हायड्रॉलिकही मंदावते.
- जुन्या, कोरड्या ब्रेकच्या ट्रॅक्टरला पुस्तिकेत दिलेली प्रत वापरा.
- दोन वेगळ्या प्रकारची तेले मिसळू नका. कोणते तेल आहे हेच माहीत नसेल, तर पूर्ण काढून नवे भरा.

पातळी कशी पाहाल? सपाट जागा, इंजिन बंद, लिफ्ट खाली. डंपिंग ट्रॉली जोडलेली असेल तर तिचा जॅक पूर्ण मिटलेला हवा. थोडे थांबून गेज काडी पुसा, घाला आणि पाहा. खुणेच्या वर भरणेही वाईट. जादा तेल तापून सीलमधून बाहेर पडते.

तेल काय सांगते?

- दुधाळ रंग : पाणी शिरले आहे. वरून नवे तेल ओतून हा दोष जात नाही. सगळे तेल काढा, पाण्याची वाट शोधा आणि मगच नवे भरा. गिअर लिव्हरचे फाटलेले रबरी बूट, पीटीओचे सील, सैल गेज काडी आणि ब्रीदर ही नेहमीची ठिकाणे.
- काळे, जळका वास : तेल जास्त तापले किंवा मुदतीपलीकडे वापरले गेले.
- चमचमणारा बारीक चुरा : झीज सुरू आहे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखेसारखी बारीक पेस्ट दिसणे नेहमीचे आहे. टोकदार तुकडे दिसले तर दात किंवा बेअरिंग तुटते आहे. ट्रॅक्टर चालवणे थांबवा.
- सगळ्या सीलमधून एकाच वेळी गळती : आधी ब्रीदर साफ करा. तो चोंदला की आतला दाब तेल बाहेर ढकलतो.

कधी बदलाल? नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल साधारण पहिल्या सर्व्हिसच्या वेळी आणि नंतर पुस्तिकेत दिलेल्या तासांनी, म्हणजे अनेक मॉडेलमध्ये ८०० ते १००० तासांनी किंवा वर्षाने बदलायचे असते. तास मीटरवर पाहा, आठवणीवर नको.

बदलताना : ट्रॅक्टर थोडा चालवून तेल कोमट करा. ड्रेन प्लग एकाहून अधिक असतात, ते सगळे उघडा. चुंबक पुसा, गाळणी धुवा, फिल्टर बदला. भरल्यावर इंजिन सुरू करून लिफ्ट चार-पाच वेळा वर-खाली करा आणि पातळी पुन्हा पाहा. जुने तेल ओढ्यात, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका; वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत गोळा करणाऱ्याला द्या.

दुसऱ्याची डंपिंग ट्रॉली जोडण्याआधी होसची दोन्ही टोके स्वच्छ कापडाने पुसा. त्या जॅकमधले घाण किंवा वेगळ्या प्रकारचे तेल थेट तुमच्या गिअरबॉक्समध्ये येते.

खोलायची वेळ आलीच तर

चाल बरोबर आहे, सील गळत नाही, चालवणे नीट आहे आणि तरीही क्लच सरकतो, तेव्हा खोलण्याचा निर्णय योग्य ठरतो. पर्याय असे :

- फक्त लायनिंग बदलणे : प्लेटची चकती सरळ असेल, मधल्या स्प्रिंग आणि स्प्लाइन चांगल्या असतील तरच. खर्च कमी, पण रिव्हेट आणि लायनिंगचा दर्जा पारखून घ्या.
- नवी प्लेट : प्रेशर प्लेटला भेगा, निळे-जांभळे डाग किंवा खळगे नसतील तर पुरते.
- पूर्ण सेट : सतत जड वाहतूक असेल तर हाच पर्याय शेवटी स्वस्त पडतो.

कोणताही पर्याय घेतला तरी एकदा ट्रॅक्टर खोललाच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्रँकचे मागचे सील आणि पुढच्या शाफ्टचे सील बदलून घ्या. हे भाग प्लेटच्या तुलनेत स्वस्त असतात. त्यांच्यापायी दुसऱ्यांदा खोलण्याची मजुरी मात्र पूर्ण द्यावी लागते. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग पाहा. चरे असतील तर लेथवर साफ करून घ्या. फिंगरची उंची गेजने मोजली का, ते स्वतः उभे राहून पाहा. सेरामेटॅलिक पॅडची प्लेट उष्णता जास्त सोसते, पण ती झटक्याने धरते. तुमच्या मॉडेलला कंपनीची संमती असेल तरच ती घ्या.

गॅरेजमध्ये आणि वॉरंटीत तुमचे हक्क

क्लच प्लेट झिजणारा भाग असल्याने बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत तिचा समावेश नसतो किंवा मर्यादित असतो. पण कंपनीत बसवलेले सील गळून प्लेट माखली, तर मूळ दोष सीलचा आहे. तक्रार लिहिताना कारण असे नेमके लिहा.

काम देताना :

- अंदाजपत्रक लेखी घ्या. जादा काम निघाले तर ते सुरू करण्याआधी तुम्हाला विचारले जाईल, असे ठरवा.
- जॉब कार्डवर मीटरचे तास आणि तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या.
- जुने भाग परत मागा. जळलेली प्लेट भंगारात देऊ नका. वाद झाला तर तोच पुरावा.
- सुट्या भागांचे क्रमांक असलेले जीएसटी बिल घ्या आणि कामाची हमी त्यावर लिहून घ्या.

तक्रार मिटली नाही तर :

१. विक्रेत्याला आणि कंपनीला लेखी तक्रार द्या, पोच ठेवा.
२. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा.
३. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि वकील लावणे सक्तीचे नाही. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ५ ते १० लाखांसाठी ते २०० रुपये आहे. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे.

‘ट्रॅक्टर भाड्याने चालवता, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ असे सांगून कोणी परत पाठवले तर घाबरू नका. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू कायद्याने व्यावसायिक हेतूत धरलेली नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलमध्ये शेती अवजारांचाही समावेश आहे. पुस्तिका, सुटे भाग आणि सेवा केंद्रांची माहिती तिथे शोधता येते. चालकाला रीतसर शिकवायचे असेल, तर मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून चालणाऱ्या केंद्र सरकारच्या कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेत ट्रॅक्टर वापरणाऱ्यांसाठीही अभ्यासक्रम असतात.

भिंतीवर लावण्याजोगे वेळापत्रक

- रोज : खाली तेलाचा डाग आहे का, पेडल पूर्ण वर येते का.
- दर ५० तासांनी : मोकळी चाल मोजणे, पेडल-दांड्याला ग्रीस, गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी.
- दर २५० तासांनी : ब्रीदर, लिव्हरचे रबरी बूट, हाउसिंगचे आणि इंजिनच्या जोडाचे बोल्ट.
- हंगामाआधी : दोन्ही चाचण्या, पिना आणि बुश, चिखलणीसाठी प्लग.
- पुस्तिकेतील तासांनी : तेल आणि फिल्टर.

प्रत्येक मोजमापाची तारीख, मीटरचे तास आणि मिलिमीटर एका वहीत लिहा. चाल किती वेगाने कमी होते आहे हे त्या वहीत दिसेल आणि प्लेट कधी बदलावी लागेल याचा अंदाज हंगामाच्या आधीच येईल. मग ट्रॅक्टर खोलायचा दिवस तुम्ही ठरवाल, रिकामा वेळ पाहून, भाव विचारून. या हंगामाच्या पहिल्या खेपेआधी मोजपट्टी घेऊन एकदा पेडल मोजाच.